टर्बो टायमर आणि वाटूरची सोयरीक

ज्या वर्षी आमच्या ज्योत्स्नाची सोयरीक वाटूरला जमली, त्या वर्षीची ही हकिकत आहे. जमली असं आज सहज लिहितो. तेव्हा ती जमता जमता माझ्यामुळे मोडत आली होती. माझ्यामुळे म्हणजे खरं तर गाडीमुळे, पण लोक गाडीला नाव ठेवत नाहीत, चालवणाऱ्याला ठेवतात.

ज्योत्स्ना ही माझी नात, आदिनाथची मुलगी. आदिनाथ माझा मुलगा, जाफराबादेत शिक्षक आहे. त्याने एक जुनी डिझेल गाडी घेतली, पांढरी, सात माणसांची. ती चालवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. उमेदीच्या काळात मी जाफराबाद ते भोकरदन काळीपिवळी जीप चालवत होतो. टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, मांडीवर कोंबड्या घेतलेली माणसं, सगळी मी पोचवली, आणि इंजिनाला माझ्या हातून कधी इजा झाली नाही. अशा माणसाने शेजारच्या सीटवर बसायचं आणि मास्तरने गाडी चालवायची, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

या गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर, ऊन अडवायची फळी असते तिच्यावर, आधीच्या मालकाने एक कागद चिकटवलेला होता. लांबचा प्रवास झाल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, टर्बो थंड होऊ द्यावा, असं त्यावर छापलेलं होतं. मी अक्षरं पन्नाशी उलटल्यावर शिकलो. लहानपणी शिकलेली माणसं दोन शब्द वाचतात आणि बाकीचं अंदाजाने ओळखतात. मला ती खोड लागली नाही. मी छापलेलं सगळं वाचतो, काडेपेटीवरचंसुद्धा, आणि वाचलेलं पाळतो.

टर्बो म्हणजे काय हे मी बस स्टँडजवळच्या मच्छिंद्रला विचारलं. मच्छिंद्र गाड्यांचं वायरिंग करतो. त्याने सांगितलं की इंजिनाला जोराने हवा फुंकणारा तो एक छोटा पंखा असतो, पळून पळून तो लाल होतो, आणि एकदम चावी बंद केली तर त्याला तेल मिळत नाही, तो आतल्या आत भाजतो. मला ते लगेच समजलं. उन्हातून पळत आलेल्या बैलाला आपण लगेच दावणीला बांधत नाही, जरा फिरवतो, तसंच हे. तेव्हापासून कुठेही पोचलो की मी गाडी उभी करायचो आणि इंजिन चालू ठेवून काही वेळ आत बसून राहायचो.

हे ज्ञान घेऊन मी वाटूरला गेलो.

मुलगा सूरज, अंकुशनगरच्या साखर कारखान्यात केमिस्ट. त्याचे वडील काकासाहेब, वाटूरचे जुने शेतकरी, शब्दाला आणि मिशीला सारखेच जपणारे. मुलगी त्यांनी पाहून पसंत केली होती. आता आम्ही घर पाहायला गेलो होतो. जाफराबादहून जालना, जालन्याहून मंठा रोडने वाटूर, म्हणजे टर्बो किती तापला असेल याचा विचार करा. दारात गाडी उभी केली. आदिनाथ, सून वंदना आणि माझी मंडळी दुर्गाबाई उतरली. मी बसलो.

काकासाहेब पाय धुवायला पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन स्वतः दारात उभे होते. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघत होतो, आणि इंजिन धडधडत होतं. मी काचेतून हात जोडले. त्यांनी तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मी बोटाने इंजिनाकडे खूण केली. तिचा अर्थ त्यांनी काय घेतला कोण जाणे, पण मी उतरलो तोवर तांब्यातलं पाणी त्यांनी झाडाला घातलं होतं.

चहा झाला, पोहे झाले. बोलणं मात्र तुटक झालं. घरी पोचेपर्यंत आमच्या भाचीचा, बेबीनंदाचा, फोन आला. ती वाटूरलाच दिलेली आहे आणि ही सोयरीक तिनेच सुचवली होती. काकासाहेब गावभर विचारत होते, म्हणे, की भुजंगरावांना, म्हणजे मला, आमच्या दारात पाय ठेवायला कमीपणा वाटतो का. देण्याघेण्याचं आधीच काही मनात असेल तर सरळ बोलावं, गाडीत रुसून बसू नये. आता सुपारी फोडायच्या बैठकीत तेही सगळं बोलून घेऊ, आणि नाही जमलं तर राम राम.

आमच्याकडे पाहुणा रुसतो तो असाच. तो भांडत नाही, गाडीतून उतरत नाही. हे मला आयुष्यभर माहीत होतं. पण मी रुसलो नव्हतो, मी टर्बो थंड करत होतो, आणि हे वाटूरला जाऊन कोण पटवणार?

ज्योत्स्ना त्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. ती जालन्याला फार्मसी शिकत होती, घरात सगळ्यात कमी बोलणारी. म्हणाली, "आबा, मला तो मुलगा पाहिजे. टर्बोचं तुम्ही बघा."

म्हणून मी टर्बोचं बघायला लागलो.

दुर्गाबाईंचा उपाय सोपा होता. म्हणाल्या, पाव्हण्याच्या दारात गेलं की उतरायचं, जळाला तर जळू द्या तो पंखा. शेजारचे सर्जेराव विजेच्या खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "हिला अर्थिंग कुठं दिलेली हाय?" सर्जेरावांच्या मते जगातल्या सगळ्या अडचणी अर्थिंग नसल्यामुळे येतात. त्यांच्या सुनेचं माहेरी निघून जाणंसुद्धा त्यांनी एकदा घराच्या अर्थिंगवर ढकललं होतं.

शेवटी मच्छिंद्रने इलाज सांगितला. टर्बो टायमर नावाची एक डबी मिळते. ती बसवली की चावी काढली तरी इंजिन आपलं आपण चालू राहतं, टर्बो थंड झाला की आपलं आपण बंद होतं. माणसाने मोकळं उतरायचं. मला तर ही डबी माझ्यासाठीच कोणीतरी तयार केली आहे असं वाटलं.

डबी बसली. तिच्यावर हिरवे आकडे उलटे मोजत जायचे. मी घरासमोर गाडी उभी केली, चावी काढून खिशात टाकली, उतरलो आणि मागे वळून न पाहता दाराकडे चालू लागलो. मागे इंजिन चालूच होतं. कुठल्याही राजाला असा चाकर मिळाला नसेल. तेवढ्यात आदिनाथने सवयीप्रमाणे रिमोटने गाडी लॉक केली, आणि सायरन सुरू झाला.

गाडीला चोरीचा अलार्म होता. आदिनाथने तो हौसेने बसवून घेतला होता. त्याच्यात सहा प्रकारच्या चाली होत्या, अँब्युलन्सपासून कोल्ह्यापर्यंत, आणि तो त्या सगळ्या एकामागून एक वाजवायचा. अलार्मचं म्हणणं असं की, मालक चावी घेऊन गेला, गाडी लॉक झाली, तरी इंजिन चालू आहे, म्हणजे आत चोर आहे. टायमरचं म्हणणं, मी कामावर आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. अशा भांडणात मधल्या माणसाचे फार हाल होतात. दुपारची वेळ, आळी झोपलेली. सगळी माणसं बाहेर आली आणि चोर कुठे आहे म्हणून माझ्याकडे बघू लागली.

मच्छिंद्र म्हणाला, दोघांची ओळख करून द्यावी लागेल. त्याने अर्धा दिवस गाडीच्या पोटात डोकं घालून एक वायर जोडली. आता लॉक केल्याबरोबर सायरन वाजेना. मात्र इंजिनही त्याच क्षणी बंद पडू लागलं. म्हणजे डबी नव्हती तेव्हा जे होत होतं तेच आता डबी असताना होऊ लागलं. मच्छिंद्र याला यश म्हणत होता.

मी त्याला पुन्हा कामाला लावलं. इकडे सर्जेराव गप्प बसेनात. पेट्रोलच्या टँकरला मागे जमिनीवर लोळणारी साखळी असते ना, तशी साखळी लावा, म्हणाले, सगळा करंट जमिनीत जाईल. माझा विश्वास नव्हता, पण शेजारी रोज दोन वेळा तोंड दाखवतो, त्याचं एखादं तरी ऐकावं लागतं. त्यांनी स्वतःच्या गोठ्यातली म्हशीची साखळी आणून मागे बांधली. रस्त्याने गाडी खुळखुळ करत निघाली की पोरं दारात यायची. शिवाय अलार्मला धक्का ओळखायची एक चकती असते. साखळी कुठे दगडाला अडकली, वाऱ्याने हलली, कुत्र्याने ओढली की चकतीला वाटायचं चोर आला. दुर्गाबाई म्हणाल्या, गाडी घेतली का गारुडी बोलावला? मी साखळी सोडून म्हशीला परत केली. सर्जेराव आठवडाभर रुसून बसले. त्यांच्याकडे गाडी नसल्याने ते ओट्यावर रुसले.

मच्छिंद्रचा तिसरा प्रयत्न मात्र बऱ्यापैकी जमला. चावी काढली, उतरलो, इंजिन चालू, सायरन गप्प. एकच अट होती. त्याने मला हात धरून सांगितलं, "आबा, आता बराबर हाय. फकस्त डबी मोजून राह्यली तवर रिमोट दाबायचा न्हाई. दाबला तर मंग माझ्या हातात काई न्हाई." मी ती अट घरात सगळ्यांकडून पाठ करून घेतली.

तपासून पाहावं म्हणून मी बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन बँकेत गेलो. चावी काढली आणि आत डोकावलो, रांग मोठी होती. बाहेर आलो तर गाडीजवळ एक जमादार. चालू गाडी रस्त्यात टाकून गेल्याबद्दल मला चौकीला यावं लागेल, म्हणाले. मी म्हणालो, मी ती बंद करून गेलो होतो. त्यांनी विचारलं, मग चालू कशी. मी म्हणालो, ती बंद होऊन राहिली आहे. त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला. सत्तरीच्या माणसाला, भर बाजारात. काळीपिवळीच्या दिवसांत मला जमादारांनी पुष्कळ वेळा अडवलं, पण वास कोणी घेतला नव्हता.

तुमचं म्हणणं लेखी द्या, असा हुकूम झाला. मी तिथेच बॉनेटवर कागद ठेवून, एकेक अक्षर नीट काढून, लिहिलं की गाडी बंद केल्यानंतर जी चालू होती ती बंद होण्यासाठीच चालू होती. जमादारांनी ते वाचलं, टोपी काढली आणि पुन्हा वाचलं. इतक्यात आकडे संपले आणि कोणी हात न लावता इंजिन बंद पडलं. जमादारांनी एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, कागद माझ्या हातात दिला आणि जा म्हणाले. आवाज जरा बदललेला होता.

मला वाटलं, जमादार पटले म्हणजे काकासाहेबही पटतील.

बैठकीचा दिवस आला. आम्ही घरचे चौघं, आणि वडीलधारं माणूस म्हणून सर्जेराव. त्यांचा रुसवा मी या आमंत्रणाने काढला होता. ज्योत्स्ना घरीच राहिली. निघताना ती दारापर्यंत आली आणि फक्त गाडीच्या चाकांकडे बघून आत गेली. वाटेत वंदनेने देवाचा धावा सुरू केला होता, आदिनाथ मनात आकडेमोड करत होता. काकासाहेब काय काय मागतील आणि आपण कुठवर जाऊ शकतो, हे आम्हा दोघा बापलेकांनाही नीट माहीत नव्हतं.

वाटूरला त्यांच्या दारात मांडव घालून गाद्या टाकल्या होत्या. गावचे पंधरावीस लोक आधीच बसलेले. काकासाहेब दारात, हातात तोच तांब्या. मी गाडी उभी केली, चावी काढली आणि चाक थांबायच्या आत म्हणावं असा उतरलो. सरळ त्यांच्यापुढे जाऊन पाय पुढे केला. त्यांची मिशी हलली. त्यांनी पाणी घातलं. मला वाटलं, जिंकलं.

पाणी घालता घालता त्यांनी गाडीकडे मान वळवली. ती धडधडत होती.

"गाडी चालूच ठेवली," ते म्हणाले. "लगेच निघायचं दिसून राह्यलंय."

मांडवातल्या माणसांनी माना वर केल्या. जेवायच्या तयारीच्या घरी चालू गाडी सोडून पाहुणा आला, म्हणजे तो बसायला आलेलाच नाही, नकार सांगून जायला आलेला आहे. मागच्या वेळी मी उतरलो नाही म्हणून अपमान, आता उतरलो तर गाडी उतरली नाही म्हणून. मी तोंड उघडलं, पण टर्बो हा शब्द पहिल्यांदा काढावा की शेवटी, हेच मला ठरवता येईना.

आम्ही थांबणार आहोत, गाडी इथेच राहणार आहे, हे दाखवायला आदिनाथला दुसरं काही सुचलं नाही. त्याने खिशातून रिमोट काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि गाडी लॉक केली.

पहिली चाल अँब्युलन्सची होती. दाणे टिपणारी कबुतरं उडाली, दावणीचा बैल उभा राहिला. आदिनाथ रिमोट दाबत राहिला, पण मच्छिंद्रच्या वायरने रिमोटचे कान बंद केले होते. सायरन वाजला की डबी पुन्हा पहिल्यापासून मोजायची, आणि डबी मोजते आहे म्हणून सायरन वाजायचा. मी चावीने दार उघडलं. अलार्मला वाटलं चोर दारापर्यंत आला, त्याने चाल बदलली. काकासाहेब काहीतरी बोलत होते. ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही येत नव्हता. मला ज्योत्स्ना चाकांकडे बघत होती ते आठवलं. सगळं संपलं, असं मला त्या क्षणी अगदी स्वच्छ वाटलं.

तेव्हा आतून गोजरबाई आल्या.

गोजरबाई म्हणजे काकासाहेबांच्या आई. नव्वदीच्या पुढच्या, हातात काठी, आणि कित्येक वर्षांपासून ठार बहिऱ्या. सूनबाईंशी, म्हणजे प्रभावतीबाईंशी, त्या खुणांनी बोलायच्या. त्या उंबऱ्यात थांबल्या, डोकं एका बाजूला कलतं केलं, आणि त्यांचं तोंड लहान पोरीसारखं उघडलं. इतक्या वर्षांत त्यांच्या कानात शिरलेला तो पहिला आवाज होता.

बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. सायरनवर चढून तो एकटाच सगळ्यांना ऐकू आला.

"वाजंत्री घेऊन आले रे पाव्हणे," गोजरबाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी हात हलवून नाही नाही अशी खूण केली. गोजरबाईंनी काठीने ती खूण बाजूला सारली.

"दारात वाजंत्री वाजली. आता पोरगी आपली झाली. सुपारी आण."

मी गाडीकडे निघालो तसं त्यांनी मलाही काठी आडवी धरली. "वाजू द्या हो. सुपारी फुटंपर्यंत थांबवू नका, अवलक्षण होतं."

वाजंत्री दाराशी येऊन परत गेली तर त्या घरात पुढे कार्य होत नाही, ही त्यांच्या घरातली जुनी समजूत. आईचा शब्द मोडायचा तर काकासाहेबांना आधी तो खोडून काढावा लागला असता, आणि खोडायला ऐकू यावं लागलं असतं. आईला त्यांचं ऐकू येत नव्हतं, आणि त्या दिवशी इतर कोणालाच ते ऐकू येत नव्हतं.

अशा बैठकीत काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. हॉल कोणाचा, जेवण कोणाचं, मामाचा मान, मावशीचं लुगडं, यात दुपार जाते, माणसं उठतात, त्यांना हात धरून बसवतात, आणि कधी कधी ती बसत नाहीत. त्या दिवशी काकासाहेबांच्या गावच्या एका कारभाऱ्याने विषय काढायचा दोनदा प्रयत्न केला. त्याने तोंड उघडलं की अलार्म कोल्ह्याच्या चालीवर यायचा. शेवटी त्याने हात जोडले आणि पान खाल्लं. देण्याघेण्याचा एक शब्दही बोलला गेला नाही. काकासाहेबांनी सुपारी ठेवली, मी वर बत्ता मारला. सुपारी फुटलेली सगळ्यांनी पाहिली, फुटल्याचा आवाज कोणाला आला नाही. कुंकू लागलं, साखर वाटली.

सुपारी फुटल्यावर सर्जेराव गाडीकडे गेले, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची एक तार उपटली. सगळं एकदम शांत झालं. ते तार हातात धरून मांडवात आले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

"अर्थिंगची हाय," ते म्हणाले. "मी कधीचा काय सांगून राह्यलोतो?"

गोजरबाईंनी वाजंत्र्यांना जेवू घाला म्हणून हुकूम सोडला. सासूशी खुणांनी वाद घालण्यात अर्थ नाही हे प्रभावतीबाईंना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी वरणपोळीचं, भजी घातलेलं ताट वाढलं, पदर सावरत गाडीजवळ गेल्या आणि ते बॉनेटवर ठेवलं. आम्ही मांडवात जेवलो, गाडी तिथे जेवली. काकासाहेब माझ्या शेजारी बसले होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "भुजंगराव, ते काय हाय तरी काय?" मी त्यांना टर्बो समजावून सांगितला, बैलाच्या दाखल्यासकट. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग पहिल्या दिवशी सांगायचं न्हाई का. मी पाणी पाच मिन्टं धरलं असतं." असं म्हणून त्यांनी माझ्या पानात आणखी एक पोळी टाकली.

जायच्या वेळी तार पुन्हा लावावीच लागली, आणि सायरन पुन्हा सुरू झाला. वेशीपर्यंत आम्ही वाजतच गेलो. मागे गोजरबाई उंबऱ्यात उभ्या राहून हात हलवत होत्या. घरी पोचल्यावर ज्योत्स्नाला कोणी काही सांगायच्या आधी मी नुसती कुंकवाची पुडी पुढे केली. तिने ती घेतली आणि विचारलं, टर्बोचं काय झालं. मी म्हणालो, थंड आहे.

लग्नाच्या आधी मच्छिंद्रने चौथ्यांदा वायर बदलली आणि या वेळी दोघांचं खरोखर जमलं. आता मी उतरतो, लॉक करतो, टायमर आपलं काम करतो आणि तोवर अलार्म गप्प राहतो. आम्ही इतके दिवस जे मागत होतो तेच मिळालं. फक्त वाटूरला एक तक्रार झाली. गाडी मुकी येते म्हणून गोजरबाई नाराज व्हायच्या. मग त्यांच्या दारात पोचलो की आदिनाथ रिमोटचं लाल बटन दाबायचा, गोजरबाई उंबऱ्यात येऊन डोकं कलतं करायच्या, पोटभर ऐकायच्या, आणि प्रभावतीबाई ताट घेऊन यायच्या. आमच्या गाडीने त्या घरी जितकं खाल्लं तितकं जावयाने आमच्याकडे खाल्लं नसेल.

एकदा मात्र गेलो तेव्हा मी गाडी गावाबाहेर उभी केली. टायमर बंद करून ठेवला होता. पहिल्यासारखा आत बसून राहिलो, इंजिन पुरतं थंड होईपर्यंत, आणि मग पायी गेलो. काकासाहेब दारात होते. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी न्हाई आणली?"

गोजरबाई ज्योत्स्नाला मुलगी झाली त्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवण करून झोपलेल्या असताना वारल्या, आणि मी पायी गेलो तो त्यानंतर.